विस्थापित कुटुंबांना रेशनऐवजी थेट खात्यात पैसे देणं जास्त योग्य नाही का?

नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नाहीच.

नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवर धरणाच्या विस्थापितांच्या एका वसाहतीजवळ अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेशन दुकान होतं. 2005च्या आसपासची गोष्ट. शाळा सुटली की पावत्या मी फाडायचे. एका दुपारी एक बाई आली. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पिवळं कार्ड, त्यावर गाव नदीकाठचं, पाण्याखाली गेलेलं. आमच्या यादीत नाव नाही म्हणजे कोटा नाही. नाव चढवायचं तर जुन्या दुकानातून नाव कमी केल्याचा दाखला हवा, आणि तो दुकानदार कधीच उठून गेलेला. कचेरीत तिच्या पाच खेपा झाल्या होत्या, दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवून.

शिवाय कार्ड एक आणि खाणारी तोंडं अकरा. नर्मदेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या नर्मदा लवादाने 1979 साली सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला, पण तो जमिनीपुरता. रेशनला तो बापाच्याच कार्डावर. तेव्हा कार्डामागे 35 किलो मिळायचं, घरात दोघं असोत की अकरा.

अप्पांनी घरच्या कोठीतली ज्वारी काढली आणि पायलीने मापून तिच्या ओच्यात घातली. तिने मूठभर हातात घेऊन चोळून पाहिली. म्हणाली, नदीवर होतो तेव्हा दाणा कधी विकत घेतला नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. तिकडे मासे, मोहाची फुलं, रानभाजी, सरपण, कशालाच पैसा लागत नव्हता. वसाहतीत हे सगळं विकत. अशा घरात पैसे आले की आधी उधारी फिटते, मग दवाखाना, मग सरपण, आणि धान्याचा नंबर शेवटी लागतो. शिवाय रक्कम किती? 2023मध्ये राज्यातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये सुरू झाले. तेवढ्यात पाच किलो बरी ज्वारी आणून दाखवा.

माझा दादा तेव्हापासून म्हणतो, फुकट धान्याने माणूस लाचार होतो, पैसे द्या आणि मोकळे व्हा. मला हे कधीच पटलं नाही.

आता, मापात मारणारे दुकानदार आहेत, मी नाकारत नाही. मजुरीने झिजलेला अंगठा पॉस मशीनवर उमटत नाही, हेही खरं. बाजार पायी अंतरावर असेल, भाव स्थिर असतील, तर पैसेही चालतील, पण बाईच्या खात्यात. कुठल्या वसाहतीसाठी काम करत असाल तर जमिनीचा ताबा देतात त्याच दिवशी नव्या पत्त्याचं कार्ड मागा, सज्ञान मुलांचं वेगळं.

आणि दादा, तू हे वाचशीलच. ती ज्वारी अप्पांनी वहीत लिहिलीच नव्हती. पुढच्या सुगीला ती बाई आली आणि पायलीला पायली मोजून देऊन गेली. माप मी धरलं होतं.