उंदराची वडी आणि चौथा दिवस

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या गावठी कुत्र्याने कणगीमागे ठेवलेली उंदीर मारण्याची निळी वडी खाल्ली. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून मिठाचे पाणी पाजले, थोडी उलटी झाली आणि पुढे तीन दिवस तो नेहमीसारखा जेवत-खेळत होता. चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, नाकातून रक्त आले. डॉक्टरांनी इंजेक्शने देऊन वाचवले आणि महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. आठवड्यातच तो ठणठणीत दिसतो आहे. गोळ्या थांबवल्या तर चालेल का? आणि आमचे चुकले कुठे? – एक वाचक, कराड

उत्तर : गोळ्या मुळीच थांबवू नका. ठणठणीत तर तो वडी खाल्ल्यानंतरचे तीन दिवसही दिसत होता.

लक्षणांवरून ती वडी ब्रोमॅडिओलोन किंवा त्याच जातीच्या विषाची असावी. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते आणि शरीर तेच जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरात आणते. हे विष नेमका तो फेरवापर बंद पाडते. आधी तयार झालेले घटक मात्र रक्तात असतातच. कणगीत जुने धान्य आहे तोवर चूल पेटते, तसा हा प्रकार आहे. साठा संपला की साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो. हे विष यकृतात कित्येक आठवडे टिकते, म्हणून के-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सहसा तीन-चार आठवडे, थोड्या स्निग्ध खाण्याबरोबर द्याव्या लागतात. औषधाच्या दुकानातून घेताना के-१ आहे ना, हे पाहून घ्या. के-३ या कामी येत नाही. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या आणि तोवर त्याला उड्या मारू देऊ नका, इतर कुत्र्यांशी झोंबू देऊ नका.

मिठाच्या पाण्याविषयी स्पष्टच लिहितो. त्याने उलटी होईलच असे नाही, पण रक्तातील सोडियम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात आणि त्यात तो दगावूही शकतो. उलटी करवायचीच तर ती बहुधा पहिल्या दोन तासांत, दवाखान्यात, इंजेक्शनने करवावी. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेले असेल, अथवा कुत्रा गुंगीत असेल, तर तीही करवू नये.

दुधा-तुपाचा घरगुती उपायही तितकाच फसवा आहे. उंदरांसाठीच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो आणि तो स्निग्ध पदार्थांबरोबर अधिक वेगाने शोषला जातो. काळपट-करड्या पुडीतले झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते. अन्न दिले की आम्ल वाढते, म्हणून त्यावर पोळीचा तुकडाही देऊ नये. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, कारण त्याच्या उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो.

एकाच कामाच्या या तीन विषांचे उपचार इतके वेगळे असल्यामुळे, कुत्र्याबरोबर वेष्टनही आणा, मग ते चघळून लगदा झालेले का असेना. माझ्याकडे येणारे बरेच जण पाकीट केरात टाकून येतात आणि मग ते शोधायला कुणाला तरी घरी पिटाळावे लागते. किती वड्या ठेवल्या होत्या, किती उरल्या, कुत्र्याचे वजन आणि खाल्ल्याची वेळ एवढे निघतानाच फोनवर कळवले, तर तुम्ही पोहोचेपर्यंत आमची तयारी झालेली असते.