दा नांगच्या टूरमधलं चाम मंदिर म्हणजे पोनगर नव्हे

"देवीचं चाम मंदिर ना, ते दा नांगच्या टूरमध्ये आहेच." सासूबाईंना व्हिएतनाममधल्या पोनगर देवीच्या दर्शनाला न्यायचंय, ओटीचं काय करायचं, असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंयत; त्यातलं टूर कंपनीचं हे उत्तर वाचलं आणि डोकंच फिरलं. (चाम म्हणजे तिथले लोक, एकेकाळी त्यांची हिंदू राज्यं होती.) सासूबाईंना त्या देवीच्या दर्शनाला न्यायचं असेल तर आधी पैसे भरू नका. आम्हालाही जवळजवळ हेच ऐकवलं होतं.

दा नांगजवळ आहे ते 'मी-सन' नावाचं मंदिरसंकुल. बघण्यासारखं आहेच, १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण ते मुख्यतः महादेवाचं, भद्रेश्वराचं ठिकाण, आणि आता सगळे भग्नावशेष. देवीचं पोनगर न्हा त्रांगला, तिथून दक्षिणेला पाचशेहून जास्त किलोमीटर. तिथे आजही रोज उदबत्त्या लागतात, बायका फळं-फुलांची ताटं घेऊन येतात.

माझ्या आईने घरून ओटीचं सामान बांधून घेतलं होतं. मी-सनला ती गाइडला विचारतेय, देवी कुठाय? आणि तो बिचारा शिवलिंगाचं पीठ दाखवतोय. पुण्याच्या ऑफिसात फोन लावला तर उत्तर आलं, "मॅडम, आयटिनररीत चाम टेंपल लिहिलंय, ते दाखवलं. सगळी हिंदूच मंदिरं ना?" ग्रुप सोडलात तर उरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हेही लगेच सांगून टाकलं. माफी नाही, साधं 'बघतो' नाही. शेवटी आम्ही आमच्या खर्चाने रात्रीची ट्रेन पकडून न्हा त्रांगला गेलो. (कंपनीचं नाव विचारू नका, इथे लिहिणार नाही.)

तेव्हा टूर कंपनीकडून 'पोनगर, न्हा त्रांग' ही अक्षरं लेखी घ्या, आणि किती वेळ थांबणार तेही. 'फोटो स्टॉप' असं लिहिलं असेल तर सरळ नाही म्हणा. खरं तर माझं मत विचाराल तर या एका ठिकाणासाठी ग्रुप टूर नकोच. न्हा त्रांगला मुक्काम करा, सकाळी लवकर टॅक्सी करा, ड्रायव्हरला 'थाप बा' म्हणा, पोनगरचं तिथलं नाव तेच. काई नदीच्या मुखाशी, पुलाला लागूनच टेकडी आहे. उंच नाही, पण पायऱ्या आहेत. गुडघ्यांचं दुखणं असेल तर दुपारी अजिबात नको, विटा तापतात.

मुख्य मंदिर म्हणजे विटांचा बुरूजच, सुमारे २३ मीटर उंच. आत जायच्या आधी दारावर मान वर करून बघा: महिषासुरमर्दिनी म्हणून ओळखली जाणारी चार हातांची मूर्ती आहे. दाराच्या दगडी चौकटीवर जुने लेख कोरलेत, लोक चपला काढायच्या गडबडीत तसेच पुढे जातात. इथलं आधीचं लाकडी मंदिर ७७४ मध्ये समुद्रातून आलेल्या हल्लेखोरांनी जाळलं, ७८४ मध्ये चाम राजा सत्यवर्मनने पुन्हा बांधलं. ९१८ मध्ये देवीची सोन्याची मूर्ती बसवली, ती शेजारच्या कंबोडियातल्या ख्मेरांनी पळवली, मग ९६५ मध्ये दगडाची आली. हे घरीच वाचून जा, गाइड घाईत असतो.

गाभारा लहान, अंधारा, धुराने भरलेला. देवी दहा हातांची आहे, पण रेशमी वस्त्रांमुळे हात फारसे दिसत नाहीत, चेहरा तेवढा नीट दिसतो. आत फोटो काढायचे नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, नसतील तर तिथे घालायला झगे मिळतात. साडीत काही प्रश्नच नाही.

ओटीबद्दल विचारलंयत. नारळ फोडू नका, हळद-कुंकू मूर्तीला लावायला जाऊ नका, हे माझं मत. आईने खण, नारळ, फळं ताटात ठेवली. तिथल्या एका आजींनी ते ताट उचलून आपल्या ताटाशेजारी समोर मांडलं, खणाच्या काठावरून बोट फिरवून बघितलं आणि आईच्या हातात उदबत्ती दिली. सगळ्यांनाच असा अनुभव येईल असं नाही, म्हणून अपेक्षा ठेवून जाऊ नका.

नवरात्रात जायचा विचार असेल तर तिकडे तेव्हा पावसाचे दिवस सुरू होतात, ऑक्टोबर ते डिसेंबर जोर असतो. देवीचा उत्सव त्यांच्या तिसऱ्या चांद्रमासात २० ते २३ तारखेला, म्हणजे आपल्याकडे बहुधा चैत्र वद्यात, अधिक मासाच्या गणितामुळे एखाद्या वर्षी वैशाखात. २० तारखेला देवीला स्नान घालून नवी वस्त्रं नेसवतात. गर्दी प्रचंड असते, सासूबाईंना झेपेल का ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च बरा.

व्हिसा वगैरे तुम्ही बघालच. फक्त सासूबाई शाकाहारी असतील तर 'Chay' (उच्चार 'चाय', पण चहा नव्हे) लिहिलेली पाटी शोधा, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. इतर ठिकाणी नुसती भाजी मागवली तरी माशाच्या सॉसची फोडणी बसलेली असू शकते, आणि विचारल्यावर वेटर हसून मान डोलावतो.