वाचक विचारतात : खाऱ्या टाकीला स्किमर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझी खाऱ्या पाण्याची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. खाली ६० × ३० सेंमीचा संप, म्हणजे पाणी फिरवणारी जोडटाकी आहे. मासे पाचच : दोन क्लाऊनफिश, तीन डॅमसेल. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर घ्यायचाय. एक दुकानदार म्हणतो २०० लिटरचा स्किमर पुरे, दुसरा म्हणतो १००० लिटरचाच घ्या. कोणाचं ऐकू? (भुसावळ)

उत्तर : दोघांचंही नको. आधी खरं पाणी मोजा. टाकीचं माप १९० लिटर भरतं, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की दीडशेच्या आसपास उरतं. संपमधलं तीसेक लिटर त्यात मिळवा. तुमचं पाणी झालं साधारण १८० लिटर. खोक्यावरचा आकडा, म्हणजे स्किमर किती लिटर पाण्याला पुरेल तो, बहुतेक वेळा कमी मासे, कमी खाद्य असं धरून छापलेला असतो. म्हणून खऱ्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे ३०० ते ३५० लिटरचा स्किमर घ्या.

मोठा घेतला तर बिघडलं कुठे? डाळ उकळताना वर फेस येतो आणि टिकतो तो तिच्यातल्या प्रथिनांसारख्या पदार्थांमुळे. नुसतं पाणी कितीही उकळा, तसा फेस धरत नाही. स्किमरमध्येही हेच घडतं. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यांतले काही पदार्थ बारीक बुडबुड्यांना चिकटतात, त्यांचा फेस स्किमरच्या मानेतून, म्हणजे वरच्या नळीतून, चढून कपात पडतो. पाच माशांच्या घाणीत १००० लिटरच्या स्किमरची रुंद मान भरून चढेल एवढा दम नसतो. फेस अर्ध्यात येऊन फुटतो, कप चार-चार दिवस कोरडा राहतो आणि घाण पाण्यातच फिरत राहते.

घेताना आकड्यापेक्षा पंप बघा. नीडल-व्हील पंप, म्हणजे पात्यांऐवजी काट्या असलेलं चाक, हवेचा चुरा करतो आणि बुडबुडे दुधासारखे बारीक होतात. लाकडी एअरस्टोनवर (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र ठोकळ्यावर) चालणारा स्किमर स्वस्त पडतो, पण तो ठोकळा दर महिना-दीड महिन्याने बदलावा लागतो. पंपाचं चाक सुटं मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. चाक तुटलं आणि सुटा भाग मिळाला नाही, तर अख्खा स्किमर अडगळीत जातो. कपाटाची उंचीही मोजा. कप वर उचलून काढायला स्किमरच्या डोक्यावर ७-८ सेंमी मोकळे हवेत. ते नसले की कप धुण्याचा कंटाळा येतो आणि तिथेच सगळं बिनसतं.

आता आपल्याकडची खरी अडचण, पाण्याची पातळी. संपमध्ये बसणारे बरेचसे स्किमर १५ ते २३ सेंमी पाण्यात चालतात. नेमकी खोली माहितीपत्रकात दिलेली असते. ही पातळी एक-दोन सेंमी हलली तरी फेस बदलतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, टाकीवर पंखा लावलेला, अशा वेळी दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडतं. तुमच्या संपमध्ये आडव्या काचा नसतील तर दर १.८ लिटरमागे पातळी १ सेंमी खाली जाते. सकाळी नीट लावलेला स्किमर संध्याकाळी कोरडा पडतो तो यामुळे. उपाय असा : स्किमरच्या कप्प्यापुढे ठरलेल्या उंचीची काच चिकटवून घ्या. मग उडालेल्या पाण्याची घट फक्त शेवटच्या, पाणी वर चढवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात दिसते. तिथे रोज आरओचं गोडं पाणी घाला किंवा फ्लोट लावून ते आपोआप पडू द्या. मीठ उडत नाही, त्यामुळे भर खाऱ्या पाण्याची घालायची नाही. बोअरचं जड पाणी तर नकोच.

प्रश्न : लाईट जाऊन परत आली की स्किमरचा कप भरून वाहतो, काढलेली सगळी घाण परत पाण्यात. स्किमर खराब आहे का? (चाळीसगाव)

उत्तर : स्किमर बहुधा ठीक असेल. लाईट गेली की वरच्या टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं. तीन बाय दीड फुटी टाकीतून नुसतं २ सेंमी उतरलं तरी ते ८ लिटरहून जास्त होतं आणि ६० × ३० सेंमीच्या संपची पातळी साडेचार सेंमी चढते. लाईट आल्यावर स्किमर त्या चढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि उसळतो. स्किमरला पाच-दहा मिनिटं उशिरा चालू करणारा टायमर लावा, तोवर पाणी वर गेलेलं असतं. कपाच्या तळाला नळीची सोय असेल तर ती बाहेरच्या कॅनमध्ये सोडा. वर चढणाऱ्या पाइपला, टाकीतल्या पातळीच्या जरा खाली, एक बारीक भोक पाडा. पातळी भोकाखाली जाताच हवा शिरते आणि पाणी उतरायचं थांबतं. ते भोक महिन्यातून एकदा काडीने साफ करा, शेवाळाने बुजतं.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर हे पंप गुणगुणतात आणि तापतात. १५ वॉटचा स्किमर आणि २० वॉटचा पंप चार तासांत १४० वॉट-तास खातात. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीला हे ओझं नाही.

प्रश्न : नवा स्किमर लावून सहा दिवस झाले, कपात काहीच नाही. (धुळे)

उत्तर : थांबा. नव्या ॲक्रिलिकवर कारखान्यातला तेलकट थर असतो, त्यावर फेस धरत नाही. स्थिरावायला दोन आठवडेही लागतात. काढून पांढऱ्या व्हिनेगरच्या कोमट पाण्यात तासभर चालवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. साबण अजिबात नको. नंतर झडप फिरवून बुडबुड्यांची रेघ मानेच्या तळाशी आणा आणि दिवसभर हात लावू नका. दर तासाला झडप फिरवणं ही सर्वांत मोठी चूक.

टाकी स्वयंपाकघराजवळ असेल तर हवेची नळीही बघा. फोडणीची तेलकट वाफ त्यातून ओढली जाते आणि तेलाने फेस बसतो. नळी खिडकीकडे न्या. दारं-खिडक्या लावून एसी चालणाऱ्या खोलीत याचा आणखी एक फायदा : बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने पाण्याचा पीएच घसरत नाही.

प्रश्न : आवाजामुळे आणि बिलामुळे स्किमर रात्री बंद ठेवला तर? (जळगाव)

उत्तर : ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना सहाच्या आसपास. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. स्किमर पाण्यात सतत हवा घुसळतो, त्याचा खरा आधार त्याच वेळी असतो. १५ वॉटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला ११ युनिटच जातात. आवाज अचानक वाढला असेल तर व्हेंचुरीत, म्हणजे हवा ओढणाऱ्या तोंडात, मीठ साचलं असेल : नळी काढून कोमट गोडं पाणी ओता. पंप दर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरात भिजवा.

प्रश्न : पन्नास लिटरच्या टाकीला स्किमर लागतो का? (नंदुरबार)

उत्तर : नाही. दर आठवड्याला ५ लिटर पाणी बदला आणि मासे दोनच ठेवा.

प्रश्न : स्किमर भरपूर काळं पाणी काढतो, तरी नायट्रेट ४० वरच. (शिरपूर)

उत्तर : स्किमर घाण कुजायच्या आधी उचलतो. घाण कुजून एकदा तयार झालेला नायट्रेट बुडबुड्याला चिकटत नाही. तो खाली आणायला आठवड्याला १५ टक्के पाणी बदला, तेवढ्याच क्षारतेचं आणि तापमानाचं. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. कपाची मान तीन-चार दिवसांनी पुसा, कारण आतल्या चिकट थराने फेस वर चढायचा अडतो.