कोल्हापुरात जोतिबाची चैत्र यात्रा कशी साजरी करतात?

चैत्र पौर्णिमेला असते बघा, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, कोल्हापुरातनं साधारण १७-१८ किमी. जोतिबा आमच्याकडं कितीतरी घरांचं कुलदैवत, त्यामुळं त्या दिवशी घरात पुरणपोळीचा नैवेद्य ठरलेलाच.

पण खरी यात्रा म्हणजे सासनकाठ्या. उंच बांबूची काठी, वर रंगीत कापड गुंडाळलेलं, एकजण खाली काठी पेलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोर धरून तोल सांभाळतात, हलगी वाजायला लागली की काठी नाचवतात, तेव्हा पेलणाऱ्याच्या हाताच्या शिरा टरारलेल्या दिसतात आणि आमचं तर बघतानाच काळीज धडधडतं. मानाची पहिली काठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत गुलाल-खोबरं एवढं उधळतात की पायऱ्या, भिंती, माणसं सगळं गुलाबी, दोन दिवस कानातनं गुलाल निघतो. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडं जाते.

देवाला दवणा वाहतात, त्याची एक जुडी घरी नक्की आणा, वाळली तरी वास जात नाही. आणि स्वतःची गाडी नको, एसटीनंच जा, घाटात लई ट्रॅफिक असतं.