वेपमधला ‘अस्सल तंबाखू’चा स्वाद

प्रश्न : अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात वेप (द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट) आणि त्यात भरायच्या द्रवाची छोटी बाटली सापडली. बाटलीवर ‘अस्सल तंबाखूच्या पानांचा अर्क, निकोटीन शून्य’ असं छापलंय. ‘विडीसारखा धूर नाही, मग बिघडतं काय?’ असं तो विचारतो. त्याला काय सांगावं? (एक पालक, निपाणी)

उत्तर : तंबाखूच्या चवीचे द्रव दोन तऱ्हांचे. एकात प्रयोगशाळेत जुळवलेला वास असतो. दुसऱ्यात खरी पानं प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा अल्कोहोलमध्ये मुरवून गाळलेला अर्क. तुमची बाटली दुसऱ्या तऱ्हेची दिसते. पानातून वास काढताना निकोटीनही उतरतं, तेव्हा ‘शून्य’वर भरवसा ठेवू नका.

शिवाय नायट्रोसामाइन, म्हणजे तंबाखूत तयार होणारी घातक रसायनं. पान वाळताना आणि वखारीत मुरताना जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्याची निकोटीन आणि त्याच्या भाऊबंदांशी गाठ पडली की एनएनएन आणि एनएनके ही दोन नायट्रोसामाइन तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ही दोन्ही रसायनं माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहेत. पान पेटवायच्या आधीच ती त्यात असतात, म्हणून धूर नसला तरी प्रश्न सुटत नाही. विडीच्या धुराच्या मानाने अर्कात ती पुष्कळ कमी असतात, हे मात्र मुलापाशी कबूल करा. नाहीतर तो पुढचं ऐकणारच नाही.

पानातली साखर आणि डिंकासारखा चिकटा गाळूनही थोडा राहतोच. वेपमधल्या द्रव तापवणाऱ्या तारेवर, म्हणजे कॉइलवर, त्याचा काळा थर बसतो, द्रव शोषणारी वात कोरडी पडते, झुरका करपट लागतो. त्या उष्णतेत ग्लिसरीन तुटून ॲक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड ही झोंबणारी विषारी रसायनं निघतात. घसा खवखवतो तो त्यामुळेही. लोण्याच्या चवीसाठी काही द्रवांत डायअसिटिल असतं. ते पोटाला चालतं, पण मक्याच्या लाह्यांच्या (पॉपकॉर्नच्या) कारखान्यांत त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आवळल्या. खाण्याजोगं ते ओढण्याजोगं, हा दुकानदाराचा हिशेब आहे, फुप्फुसाचा नव्हे.

बाकी, २०१९च्या केंद्रीय कायद्याने वेपची विक्री, साठा, आयात आणि जाहिरात बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बाटलीत काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : गावातली पोरं विडीच्या तंबाखूची पानं ग्लिसरीनमध्ये भिजवून घरीच वेपचा द्रव करतात. चालेल का? (खानापूर)

उत्तर : नाही. विडीचा तंबाखू जहाल. अर्कात किती निकोटीन उतरलं ते घरी मोजता येत नाही. बाजारचा, मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीनवाला द्रव घेतला तरी १० मिलिलिटरच्या बाटलीत १८० मिलिग्रॅम होतं. लहान मूल त्यातलं थोडंही प्यालं तर ओकाऱ्या, लाळ, घाम, मग झटके. उलटी करायला लावू नका. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा. ओल्या तंबाखूच्या तोडणीत मळमळ आणि चक्कर येते, ती याच निकोटीनने कातडीतून शिरून.