जुन्या साडीचा आकाशकंदील करता येतो का? कापड आतल्या बल्बने जळेल का?

हो, मस्त होतो, फक्त आत एलईडीच लावा, ५ ते ९ वॅटचा पुरे, जुना पिवळा ६० वॅटचा लावलात तर तो इतका तापतो की कापड करपलंच म्हणून समजा. मी गेली काही वर्षं घरी असेच करते, त्यामुळे अनुभवावरून सांगते, सांगाडा नवा घ्यायची गरज नसते, मागच्या वर्षीच्या कंदिलाचा कागद फाटलेला असतो पण कामट्या शाबूत असतात, नाहीतर जुन्या बाजारात मोडक्या लॅम्पशेडची तारेची जाळी मिळते ती तर अजूनच बरी. साडी निवडताना मोबाईलचा टॉर्च मागे धरून बघा, उजेड आरपार आला पाहिजे. जाड सिल्क दिवसा छान दिसतं आणि रात्री नुसता काळा डबा! मैद्याची खळ पातळ लावा, फेव्हिकॉलचे डाग उजेडात दिसतात. जरीचे काठ वरखाली पट्टी म्हणून आणि उरलेल्याच्या शेपट्या.

एकच गोष्ट, साडी सिंथेटिक आहे का ते आधी बघा, एक धागा काढून जाळायचा, टोकाला कडक मणी झाला तर सिंथेटिक, नुसती राख पडली तर सुती. सिंथेटिक असेल तर कापड बल्बपासून चांगलं वीतभर लांब ठेवा. आणि पाऊस रेंगाळला असेल तर कंदील बाल्कनीच्या आतल्या बाजूलाच लावा, खळ भिजली की सगळं सुटतं.