पोच घ्या, ताई

(वाचकांची पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.)

प्रश्न : माझं वय ७६. यजमान गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन माझ्या खात्यावर जमा होतं. माझ्याकडे बटणांचा फोन आहे आणि तो बदलायची माझी इच्छा नाही. चेकबुक संपलं म्हणून बँकेत गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, ॲपवरून मागवा ना." पासबुक भरायचं मशीन दोन्ही वेळा बंद होतं. गुडघ्यांमुळे आता शाखेचा जिना चढवत नाही. पुतण्या एटीएममधून पैसे आणून देतो, कार्ड आणि पिन त्याच्याकडेच असतो. मुलगा चांगला आहे. पण हल्ली माझ्याच खात्यात किती पैसे आहेत, हे मला त्याला विचारावं लागतं. त्याचं नाव खात्याला लावून टाकू का?

उत्तर : ताई, लावून टाकू नका. निदान हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत तरी नको.

आधी चेकबुकाचं बघू. ज्येष्ठ आणि दिव्यांग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. बचत खात्यावर मागणी केल्यास वर्षाला किमान २५ चेक विनामूल्य द्यायचे आणि चेकबुकासाठी खातेदाराने स्वतः हजर राहण्याचा आग्रह धरायचा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जुन्या चेकबुकात शेवटी मागणीची चिठ्ठी असते, ती शोधा. सही करून कोणाहीबरोबर पाठवा. ॲपचा इथे काही संबंध नाही.

हे लिहिताना मी जरा खजील आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला माझी ३१ वर्षं गेली. एका वयस्कर गृहस्थांची चिठ्ठी घेऊन शेजारचा मुलगा आला होता, त्याला मी "त्यांना स्वतःला येऊ दे" म्हणून परत पाठवलं होतं. नियमाचा प्रश्नच नव्हता. शिपाई रजेवर होता आणि मला कपाट उघडायचा कंटाळा आला होता. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले आणि वर मला "त्रास दिला" म्हणाले. तेव्हा काउंटरवरून येणारं प्रत्येक "होत नाही" हे नियमातून आलेलं असतं असं समजू नका.

म्हणून वाद घालू नका, अर्ज लिहा. साध्या कागदावर दोन ओळी: खाते क्रमांक, काय हवं आहे, सही, तारीख. एकाच मजकुराच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मागा. म्हणजेच पोच घ्या. तोंडी नकार द्यायला काही लागत नाही. शिक्का मारताना माणूस एकदा तरी आत जाऊन साहेबांना विचारून येतो, आणि निम्मी कामं तिथेच होतात. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पोस्टाने कागदावरही तक्रार पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. सोबत जोडायला ती पोच मात्र लागते.

जिन्याचं म्हणाल तर त्याच परिपत्रकात ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यायला सांगितलं आहे: पावती देऊन घरून रोख किंवा चेक नेणं, खात्यातली रोख घरी आणून देणं, डिमांड ड्राफ्ट पोचवणं, केवायसीची म्हणजे ओळख आणि पत्त्याची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणं. तुम्ही वयाच्या अटीत बसता. सेवेचं शुल्क आणि रकमेची मर्यादा बँकेगणिक वेगळी असते, ती आधी विचारा. आणि "आमच्या शाखेत ही सेवा नाही" असं ऐकायला मिळालं तर कुठल्या शाखेत आहे ते अर्जातच विचारा. हे परिपत्रक व्यापारी बँका, लघु वित्त बँका आणि पेमेंट बँकांना उद्देशून होतं. सहकारी बँकेत खातं असेल तर तिथली सोय वेगळी विचारावी लागेल.

पोस्टमनही उपयोगी पडतो. खातं आधारला जोडलेलं असेल, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन आलेला पोस्टमन अंगठ्यावर दुसऱ्या बँकेच्या खात्यातली रोखही देऊ शकतो. अडचण एकच. म्हातारपणी अंगठ्याच्या रेषा पुसट होतात. माझ्या आईचा अंगठा यंत्राने चार वेळा नाकारला आणि ती म्हणाली, "माझीच मी आहे की नाही, ते आता हे ठरवणार का?" दुसऱ्या बोटांनी करून पाहा, एखादं लागतं.

आता पुतण्या. तो चांगला आहे हे तुम्ही लिहिलंत आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण व्यवस्था अशी हवी की तो चांगला आहे की नाही हा प्रश्नच उद्भवू नये. पिन दुसऱ्याला दिलेला असला की पुढे काही गडबड झाल्यास बँक तो तुमचाच निष्काळजीपणा मानते. तेव्हा पिन बदला. त्याला राग येईल असं वाटत असेल तर माझ्यावर ढकला: "मासिकातल्या त्या म्हाताऱ्याने सांगितलंय."

नाव लावायचं झालं तर कसं, हे महत्त्वाचं. संयुक्त खात्याच्या अर्जावर एक लहानशी चौकट असते आणि लोक ती न वाचता सही करतात. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' वर खूण केली, तर तुम्ही हयात असतानाच तो एकट्याच्या सहीने सगळी रक्कम काढू शकतो, अगदी कायदेशीरपणे. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' मध्ये तुमचं नाव पहिलं असेल तर तुमच्या हयातीत व्यवहार फक्त तुम्ही करायचे, तुमच्यानंतर तो. मी काउंटरवर असताना बहुतेक अर्ज पहिल्या प्रकारचेच यायचे, कारण आम्हीच पेन्सिलने तिथे फुली मारून ठेवायचो.

तुम्हाला त्याच्याकडून फक्त पैसे आणून हवे आहेत ना? मग नाव लावूच नका. बँकेला अधिकारपत्र द्या. याला बँकेत मॅन्डेट म्हणतात. ते हवं तेव्हा रद्द करता येतं आणि खातं तुमच्या एकटीच्याच नावावर राहतं. आणि तुमच्यानंतर बँकेने पैसे त्याच्या हाती द्यावेत ही इच्छा असेल, तर ते नॉमिनीच्या नोंदीचं काम. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. तुम्ही हयात असेपर्यंत नॉमिनीला खात्यातला एक रुपयाही काढता येत नाही. पुष्कळ लोक नॉमिनी आणि संयुक्त खातेदार यात गल्लत करतात आणि नको तो कागद भरतात.

शेवटी पासबुक, कारण तुमची खरी बोच तीच आहे. बचत खात्याला पासबुक देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि त्याचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. मशीन बंद असेल तर काउंटरवर भरून मागा. पुतण्या पैसे आणायला जाईल तेव्हा पासबुक सोबत द्या आणि भरूनच आणायला सांगा. मग शिल्लक त्याला विचारायची नाही, चष्मा लावायचा आणि वाचायची.

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं समजतं, पण सही करता येत नाही, अंथरुणातून उठता येत नाही. औषधाला लागणारे पैसे त्यांच्याच खात्यात आहेत. बँक म्हणते, सही जुळत नाही.

उत्तर : सही जुळणार नाहीच, पण त्यावरही तोडगा ठरलेला आहे. खातेदाराला सही करता येत नसेल तर चेकवर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर अंगठा चालतो, हाताचा किंवा पायाचाही. मात्र बँकेच्या माहितीतल्या दोन त्रयस्थ साक्षीदारांनी तो ओळखायला हवा आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल तर त्यांनी केलेली एखादी खूण चालते, त्यालाही असेच दोन साक्षीदार. पैसे कोण नेणार हे वडिलांनी दाखवायचं, त्या माणसालाही दोन साक्षीदारांनी ओळखायचं आणि त्याने बँकेत स्वतःच्या सहीचा नमुना द्यायचा.

म्हणजे बँकेचा माणूस घरी यायला हवा. डॉक्टरांचा दाखला जोडून तसा अर्ज शाखाधिकाऱ्यांच्या नावाने करा, आणि वर सांगितलंच आहे, पोच घ्या. एक कटू गोष्टही सांगतो. वडिलांना समजतंय तोवर हे करून घ्या. समजेनासं झालं की हा मार्ग बंद होतो, अधिकारपत्रही टिकत नाही, आणि पालक नेमून घ्यायला न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

प्रश्न : "केवायसी संपली, आज रात्री खातं बंद होईल" असा फोन आला. मी ऑनलाइन काहीच करत नाही, तर मला काय धोका?

उत्तर : खातं असं रात्रीतून बंद होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या सुधारणेनुसार केवायसीची मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीनदा कळवायचं असतं आणि त्यातलं एक तरी पत्राने. पत्र आलं तर ते घेऊन शाखेत जा. पत्ता वगैरे काही बदललं नसेल, तर "बदल नाही" एवढं लिहून सही केलेलं पत्र पुरतं.

धोका मात्र आहे. बटणांच्या फोनवरही ओटीपी येतो. तुम्ही कधी ऑनलाइन गेला नाहीत म्हणून तुमच्या नावाने दुसरा जाणार नाही असं नाही. फोनवर आलेला आकडा कोणालाही वाचून दाखवू नका. कार्ड असेल तर त्यावरचे ऑनलाइन व्यवहार बंद आहेत ना, हे शाखेत विचारून घ्या. आणि आकडा सांगून बसला असाल, तर मुलगा घरी यायची वाट बघू नका. आधी बँकेला कळवून कार्ड बंद करायला सांगा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. दोन्हीला बटणांचा फोन पुरतो.